गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी लिंकेज बघा

जुन्या गाडीच्या गिअरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो. रिव्हर्स हाताने चाचपत शोधावा लागतो. दुसरा पडल्यासारखा वाटतो, पण ॲक्सिलरेटर दाबला की दांडा उडी मारून न्यूट्रलला येतो. मग कुणीतरी गाडीतून उतरता उतरता सांगतं, "गिअरबॉक्स गेला." एवढ्या एका वाक्यावर गाडी विकायला काढणारेही असतात.

कधी ते निदान बरोबर निघतं. पण तुमच्या हातातला दांडा आणि गिअरबॉक्स यांच्या मधे रॉड, केबल, बुश (सांध्यांत बसवलेले रबरी किंवा प्लॅस्टिकचे तुकडे) आणि सांधे यांची एक साखळी असते. तिला लिंकेज म्हणतात. जुन्या गाडीत बऱ्याचदा आधी थकते ती ही साखळी. आतली चाकं अजून ठणठणीत असतात. लिंकेज जुळवणं म्हणजे ॲडजस्ट करणं हे काम गिअरबॉक्स उतरवण्याच्या मानाने किरकोळ आहे. मात्र नेमकं काय कशाशी जुळवायचं हे न समजता रॉड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल केला, तर आधी पडत होते ते गिअरही पडेनासे होतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडं आत डोकावू.

दांडा हलवल्यावर आत काय हलतं

गिअर बदलला की एक दातेरी चाक बाजूला होऊन दुसरं त्याच्या जागी येतं, असं अनेकांना वाटतं. पुढे जाण्याच्या गिअरांबाबत बहुतेक गाड्यांत तसं घडत नाही. चाकांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या आसावर, मोकळं फिरत असतं. शाफ्टवर एक स्लीव्ह, म्हणजे आतून दातेरी कडं, मागे-पुढे सरकते. ती ज्या मोकळ्या चाकाला जाऊन अडकते, ते चाक शाफ्टला पक्कं बांधलं जातं आणि तो गिअर 'पडतो'. स्लीव्हच्या बाहेरच्या खाचेत दोन बोटांचा एक फोर्क बसलेला असतो. तिला ढकलायचं काम त्याचं.

स्लीव्ह आणि चाक यांच्या मधे सिंक्रो रिंग असते. अडकण्याआधी दोघांचा वेग घर्षणाने सारखा करणं हे तिचं काम. कॅडिलॅकने 1928 मध्ये ही सोय मोटारीत आणली. त्याआधी चालकाला वेग कानाने ओळखून दोनदा क्लच दाबत गिअर बदलावा लागे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, स्लीव्हची पूर्ण चाल फार थोडी असते, साधारण सेंटिमीटरभर. दुसरी, ती चाल पूर्ण झाली की आतली स्प्रिंग एका छऱ्याला खाचेत बसवते. हाताला 'टक' लागतं ते याचं. टक लागलं नाही, तर स्लीव्हचे दात अर्धेच गुंतलेत असं समजायचं. अर्धे गुंतलेले दात जोर आला की घसरतात आणि गिअर सुटतो.

दांड्याच्या हालचाली दोन असतात. डावी-उजवीकडे नेताना कोणता फोर्क हलणार हे ठरतं आणि पुढे-मागे नेताना तो फोर्क प्रत्यक्ष सरकतो. पहिलीला आडवी चाल म्हणू, दुसरीला उभी. लिंकेजला या दोन्ही चाली शेवटपर्यंत जशाच्या तशा पोचवाव्या लागतात, आणि दोष कोणत्या चालीत आहे हे लक्षणांवरूनच कळतं. पहिल्याऐवजी तिसरा पडत असेल, किंवा रिव्हर्सच्या बाजूला दांडा जातच नसेल, तर आडवी चाल चुकली आहे. बरोबर गिअर सापडतो पण पुरता बसत नाही किंवा चालताना सुटतो, तेव्हा संशय उभ्या चालीवर घ्यायचा.

लिंकेजची गरज मुळात का पडली

इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा बांधणीत गिअरबॉक्स जवळजवळ चालकाच्या हाताखालीच येतो. दांडा थेट त्याच्या झाकणात रोवलेला असतो. अशा गाडीत ॲडजस्ट करण्यासारखं फारसं काही नसतं. दांड्याच्या तळाचा बुश झिजला की बदलायचा, काम झालं.

मग इंजिन आडवं झालं. 1959 च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी ते आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतच ठेवला. 1964 मध्ये दान्ते जाकोसा यांच्या आखणीतून आलेल्या ऑटोबियांकी प्रिमुलात गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, त्याच रेषेत आला. 1969 च्या फियाट 128 मध्येही तीच मांडणी होती आणि पुढे छोट्या गाड्यांत ती सर्वमान्य झाली. जागा वाचली, पण गिअरबॉक्स बॉनेटखाली गेला आणि दांडा दोन सीटच्या मधे राहिला. फोक्सवॅगन बीटलमध्ये उलट दिशेने हेच होतं: इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, दांडा पुढे, आणि गाडीच्या मधल्या बोगद्यातून जाणारा एक लांब रॉड. बीटलमधला तो रॉड गिअरबॉक्सला जिथे जोडला जातो, ती जागा मागच्या सीटखालचं छोटं झाकण काढलं की दिसते. गिअर 'कुठे आहे ते कळत नाही' अशी तक्रार असेल, तर तिथला बुश आधी बघतात.

कळसूत्री बाहुलीचा खेळ डोळ्यांसमोर आणा. वर बोटं नाचतात, खाली बाहुली. दोरी सैल झाली तर बोट पूर्ण उचलूनही बाहुलीचा हात अर्धाच वर जातो, आणि तरी बाहुलीत काही मोडलेलं नसतं. लिंकेज बिघडल्यावर गिअरबॉक्सची अवस्था हीच.

तुमच्या गाडीत कोणतं लिंकेज आहे

ढोबळमानाने तीन प्रकार. रॉडच्या लिंकेजमध्ये एकच मुख्य रॉड दोन्ही चाली वाहतो. बऱ्याच गाड्यांत दांडा आडवा हलवला की रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो आणि उभा हलवला की लांबीत सरकतो. रॉडचे दोन तुकडे असतात आणि ते एका क्लॅम्पने आवळलेले असतात. तो एकच बोल्ट सैल केला की कोनही सुटतो आणि लांबीही, म्हणजे दोन्ही चालींची जुळणी एकदम मोकळी होते. तो उगाच सैल करू नका, हे एवढ्यासाठीच.

केबलच्या लिंकेजमध्ये दोन केबली असतात, प्रत्येक चालीसाठी एक. त्यामुळे जुळणीही वेगवेगळी करता येते. केबलच्या टोकाला आटे आणि नट असतात, किंवा दाबून उघडणारं लॉक. काही गाड्यांत केबलची लांबी कायमची ठरलेली असते. तिथे ॲडजस्टमेंट नसते, खराब झाली की बदलायची.

तिसरा प्रकार स्टीअरिंगच्या खांबावर दांडा असलेल्या जुन्या गाड्यांचा. खांबाच्या तळाशी दोन छोटे लिव्हर आणि तिथून गिअरबॉक्सकडे जाणारे दोन रॉड. तीन गिअरच्या गाडीत एक रॉड पहिला आणि रिव्हर्स सांभाळतो, दुसरा रॉड दुसरा आणि तिसरा. या प्रकाराचा एक खास आजार आहे. झीज वाढली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दोन्ही लिव्हर एकमेकांच्या रेषेतून सरकतात आणि दांडा मधेच जाम होतो. एका वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून गिअरबॉक्समध्ये अडसर असतो, त्यामुळे जोर लावून काही होत नाही. या गाड्यांचे जुने चालक इंजिन बंद करतात, हँडब्रेक ओढतात, बॉनेट उघडून हाताने दोन्ही लिव्हर न्यूट्रलच्या रेषेत आणतात आणि पुढे जातात. हे वारंवार होऊ लागलं की जुळणीची वेळ झाली.

जुळणी बिघडते कशाने

आपोआप फार क्वचित. क्लॅम्प नीट आवळलेला असेल तर रॉडची लांबी वर्षानुवर्षं तीच राहते. झिजतात ते सांध्यांतले रबरी आणि प्लॅस्टिकचे बुश. सायलेन्सरच्या पाइपची उष्णता, गळणारं तेल, रस्त्यावरची माती, हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. समजा चार सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला. एकूण दोन मिलिमीटर झाले. दांड्याच्या मुठीपाशी त्याचं काही वाटत नाही, कारण तिथली चाल कित्येक पट मोठी असते. पण सेंटिमीटरभर सरकणाऱ्या स्लीव्हच्या वाट्याचे दोन मिलिमीटर गेले, तर गिअर सुटायला तेवढं पुरतं.

दुसरं कारण इंजिनच्या माउंटिंगचं. दांडा गाडीच्या बॉडीला बसवलेला, तर गिअरबॉक्स इंजिनसोबत रबरी माउंटिंगवर डुलतो. माउंटिंग बसलं किंवा फाटलं की ॲक्सिलरेटर दाबताना सगळं इंजिन झुकतं आणि रॉडला ओढतं. उभ्या गाडीत सगळे गिअर छान पडतात, चढावर मात्र गिअर सुटतो, अशा तक्रारीत आधी माउंटिंग बघायचं.

तिसरं कारण माणसाने केलेलं: क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवला, लिंकेज सोडवलं, आणि परत लावताना क्लॅम्प अंदाजाने आवळला. क्लचचं काम झाल्यावर लगेच गिअरची तक्रार सुरू झाली असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका.

दोष लिंकेजचाच आहे हे कसं ओळखायचं

माझ्या मते हाच या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. लोक थेट ॲडजस्ट करायला धावतात.

आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना सगळे सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडतात किंवा करकरतात, तर लिंकेज निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लचची केबल, तेल, पेडलची चाल तिकडे बघा. (उभ्या गाडीत एखादा गिअर कधी कधी पडत नाही, कारण दातासमोर दात आलेला असतो. क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी किंचित ढकला. त्याने पडला तर तो दोष नव्हे.)

इंजिन बंद असतानाही गिअर कडक जातात किंवा सापडत नाहीत, तर पुढची परीक्षा. गिअरबॉक्सपाशी लिंकेज सोडवा आणि गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर हाताने हलवा. प्रत्येक जागेवर स्पष्ट टक लागतं का? लागत असेल तर गिअरबॉक्सची ही बाजू सुखरूप आहे आणि दोष बाहेर आहे. तिथेही अडत असेल तर ॲडजस्टमेंटने काही साधणार नाही, दोष आत आहे. सोडवलेलं आहे तोवर आत बसून दांडाही हलवून बघा. तो एकटाच कडक जात असेल तर त्याचा बॉल जॉइंट सुकलाय किंवा केबल आत गंजली आहे.

तिसरी खूण करकरण्याची. चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर, समजा दुसरा, टाकताना करकरतो आणि बाकीचे गुळगुळीत पडतात, तर बहुधा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. लिंकेजचा त्याच्याशी संबंध नाही.

ॲडजस्टमेंट म्हणजे दोन न्यूट्रल जुळवणं

सगळ्या कामाचा गाभा एवढाच. दांड्याला एक न्यूट्रल असतो आणि गिअरबॉक्सला एक. दोन्ही एकाच वेळी बरोबर मध्यावर असताना त्यांच्या मधला क्लॅम्प आवळायचा. प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी वेगळी असते. काही गाड्यांत न्यूट्रलऐवजी ठरावीक गिअर टाकून जुळवतात, म्हणून त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल जे सांगेल ते अंतिम. पण क्रम साधारण असाच असतो.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन थंड. लिंकेज बऱ्याचदा सायलेन्सरच्या पाइपला खेटून असतं आणि गरम पाइपवर हात टेकला की पुढचं काम राहूनच जातं. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मिनिटभरही नाही.

मग बुश. झिजलेले असतील तर आधी ते बदला. रबरी बुश असेल तर साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस वापरा.

क्लॅम्प सैल करण्याआधी तो आणि रॉड यांच्यावरून आडवी अशी रंगाची एक रेघ मारा. पाच सेकंदांचं काम आहे, पण काही चुकलं तर मूळ जागी परतायला तेवढी एकच खूण असते. क्लॅम्पवरची घाण आधी तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर रंग धुळीवर बसतो आणि धुळीबरोबर जातो.

आता बोल्ट एवढाच सैल करा की रॉडचे तुकडे एकमेकांत सरकतील, पण लोंबकळणार नाहीत. गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने न्यूट्रलला आणा. न्यूट्रलमध्ये तो दोन्हीकडे सारखा हलतो आणि सोडला की आपोआप मधे येतो. आत बसलेल्या माणसाने दांडा न्यूट्रलला धरायचा. बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत दांडा मोकळा सोडला की तो तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन थांबतो. तीच त्याची मधली जागा.

नुसत्या नजरेवर भरवसा ठेवायचा नसेल म्हणून अनेक कंपन्यांनी भोक ठेवलेलं असतं. दांड्याच्या तळाशी किंवा गिअरबॉक्सवर, ठरावीक जाडीची पिन आरपार गेली की न्यूट्रल पक्का. हर्स्ट या अमेरिकन कंपनीच्या शिफ्टरमध्ये, म्हणजे दांड्याच्या संचात, त्यासाठी पाव इंचाची पिन लागते. खास हत्यार नसेल तर तेवढ्याच व्यासाचा ड्रिल बिट चालतो, फक्त जाडी मॅन्युअलमधली हवी. बारीक पिन घातली तर ती भोकातही हलते आणि जुळणीतही.

दोन्ही टोकं स्थिर धरून बोल्ट आवळायचा. बहुतेकांचं इथे बिनसतं. पाना फिरवताना रॉडही त्याच्याबरोबर किंचित फिरतो आणि आडवी चाल हलते. दुसऱ्या हाताने रॉड धरा, किंवा बोल्टच्या मागे दुसरा पाना लावा. पिन काढायला विसरू नका. पिन आत असताना दांडा जोरात ओढला तर भोक कायमचं वाकडं होतं.

तपासणी आधी इंजिन बंद ठेवूनच. प्रत्येक गिअरला टक लागायला हवं, आणि टक लागल्यावरही दांडा अजून किंचित पुढे दाबता यायला हवा. दांडा कन्सोलच्या कडेला किंवा डॅशबोर्डला टेकून थांबत असेल, तर गिअर पुरता बसण्याआधीच त्याची वाट संपली आहे. दांड्याभोवतीचं रबरी किंवा चामडी कव्हर दुसऱ्या-चौथ्यात ताणलं जात नाही ना, हेही बघा. ताणलेलं कव्हर गिअर परत ओढू शकतं आणि हे कारण कुणाच्याही लक्षात येत नाही. पुढे पहिला-तिसरा आणि मागे दुसरा-चौथा, दोन्हीकडे उरलेला प्ले जवळपास सारखा असेल तर उभी चाल बरोबर बसली.

"गाडी जुनी आहे, गिअर कडक असणारच"

थंड हवेत सकाळी पहिली काही मिनिटं गिअर जड जातात, कारण गिअर ऑइल घट्ट असतं. गाडी तापल्यावरही तसंच राहत असेल तर वयावर ढकलू नका. जोर लावला की पडतो म्हणून जोर लावत राहणं तर सगळ्यात महागात पडतं. हाताचा तो जोर फोर्क आणि सिंक्रो रिंगपर्यंत पोचतो. अर्ध्या गुंतलेल्या गिअरवर गाडी चालवत राहिलं की स्लीव्हच्या दातांच्या कडा गोल होतात. मग लिंकेज कितीही अचूक जुळवा, गिअर सुटायचा तो सुटतोच, आणि सुरुवातीला जे निदान चुकीचं होतं ते खरं होऊन बसतं.

"रिव्हर्सला तर नेहमीच करकर होते"

अनेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. तिथे खरोखरच एक चाक सरकून दुसऱ्यात शिरतं. त्यामुळे क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकायचा. एवढ्याने आवाज थांबला तर ॲडजस्ट करण्यासारखं काही नाही. रिव्हर्स सापडतच नसेल तर ती आडव्या चालीची गोष्ट. साब या स्वीडिश कंपनीच्या जुन्या 99 आणि 900 या गाड्यांत तर याचा वेगळाच ताप होतो: मॅन्युअल गाडीत किल्ली दोन सीटच्या मधे असते आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय बाहेर येत नाही. जुळणी चुकली की मालक किल्लीसकट अडकून बसतो.

"मग दर सर्व्हिसिंगला हे करून घ्यावं का?"

नाही. क्लॅम्प हलला नसेल आणि बुश शाबूत असतील तर हात लावू नये. बुश बदलला, केबल बदलली, माउंटिंग बदललं किंवा गिअरबॉक्स उतरवला, तरच जुळणी करायची, आणि ती सगळी बदलाबदल झाल्यावर, शेवटी. झिजलेल्या बुशवर जुळवलेलं लिंकेज दोन-चार महिन्यांत पुन्हा बोंबलतं आणि दोष ॲडजस्टमेंटच्या माथी जातो.

जुळवल्यावर क्लॅम्प आणि रॉडवरून रंगाची नवी रेघ मारा आणि काही दिवसांनी ती सरळ आहे का ते एकदा वाकून बघा. रेघ तुटून दोन टोकं बाजूला गेली असतील तर बोल्टचे आटे गेले आहेत किंवा क्लॅम्प पसरला आहे. नवा क्लॅम्प टाका, जुनाच जास्त आवळू नका.